बिनपाटीची मोटर

रमजानमध्ये जासईच्या भंगार दुकानांचे घड्याळ बदलते. एरवी सकाळी नऊ-दहाला सुरू होणारी हातोड्याची ठोकठोक या महिन्यात फजरच्या नमाजनंतर, उजाडता उजाडताच कानावर येते. सहरीला पाणी पिऊन झालेले असते, हवेत थोडा गारवा असतो. जड काम तेवढ्यात उरकून घ्यायचे. दुपारी जोहरच्या नमाजनंतर छिन्नी खाली ठेवायची आणि मग बसून करण्याजोगी कामे काढायची. वायर सोलणे, नट-बोल्ट निवडणे, पोत्यांची तोंडे शिवणे. इफ्तारच्या आधीचा तास सर्वांत अवघड. घसा कोरडा पडलेला असतो आणि नेमका त्याच वेळी गल्लोगल्ली फिरून आलेला फेरीवाला आपला हातगाडीभर माल काट्यावर चढवायला येतो.

पनवेलहून उरणकडे जाताना गव्हाण फाटा मागे पडला की जासई लागते. महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते दि. बा. पाटलांचे गाव म्हणून आणि जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे. सिडकोसाठी घेतलेल्या जमिनीला योग्य मोल मिळावे यासाठी लोक रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूची वाहतूक शेजारच्या चिर्ल्यात उतरू लागली. भाताच्या खाचरांच्या जागी कंटेनर यार्ड आले, ट्रेलर आले, आणि ट्रेलरांमागोमाग पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, ‘सेल्फ-डायनामो’ दुरुस्तीवाले आणि भंगारवाले आले. जिथे यंत्र चालते तिथे ते कधी तरी बंद पडणारच, आणि बंद पडलेल्या यंत्राला शेवटी भंगारवाल्याचाच उंबरा.

या रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक चाचा बसतात. गाव उत्तर प्रदेशातले, पण जासईत वीस वर्षांवर गेली. मराठी आगरी वळणाने बोलतात आणि काट्यावरचे आकडे मात्र अजून हिंदीत मोजतात. हाताखाली तीन पोरे. त्यांच्या दुकानात लोखंड, पत्रा, प्लास्टिक, बॅटऱ्या सगळे येते, पण दुकानाची खरी कमाई मोटरींवर. ट्रकचे जुने सेल्फ, अल्टरनेटर, उलव्याच्या सोसायट्यांतले जळलेले पाण्याचे पंप, वॉशिंग मशीन, मिक्सर, सीलिंग फॅन, वर्कशॉपमधल्या थ्री-फेजच्या जड मोटरी. प्रत्येकीच्या पोटात तांबे असते. लोखंडाच्या भंगाराला किलोमागे जे मिळते, त्याच्या वीस पटींहून जास्त तांब्याला मिळते. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातूबाजारात तांब्याने टनामागे ११,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्याची झळ आणि त्याची चमक जासईच्या शेडपर्यंत पोहोचली. चाचांच्या मोबाइलवर सकाळी पहिला मेसेज भावाचा येतो.

मोटर फोडणे हे ताकदीचे काम वाटते, पण त्यात खरी मेहनत बघण्याची असते. आधी कॅपॅसिटर काढायचा, कारण मोटर बंद असली तरी त्यात चार्ज शिल्लक असू शकतो. नवख्या पोराला पहिला झटका तिथेच बसतो. मग मागचे फॅन कव्हर, मग दोन्ही बाजूंची बिडाची झाकणे. गंजलेला बोल्ट पान्याने फिरला नाही तर ग्राइंडर. रोटर ओढून बाहेर काढायचा. त्यात तांबे नसते, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, तो वेगळ्या ढिगात जातो. बेअरिंग चांगले असेल तर तेल लावून बाजूला. उरतो तो स्टेटर, म्हणजे पातळ पत्र्यांच्या चकत्या एकावर एक दाबून केलेला गोल डबा. त्याच्या आतल्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी ठासून भरलेली असतात. वर बांबूच्या किंवा फायबरच्या पाचरा, खाली कागद, आणि या सगळ्यावर वार्निश चढवून भट्टीत सुकवलेले. दगडासारखे घट्ट.

एका बाजूने बाहेर आलेला तारांचा गुच्छ छिन्नीने स्टँपिंगच्या कडेला लावून छाटायचा आणि दुसऱ्या बाजूने हुक घालून एकेक खाच उपसायची. अर्धा तास, कधी तास. दहा किलोच्या मोटरीतून किलोभर तांबे हाती लागले तर बरे म्हणायचे. सीलिंग फॅनमध्ये पाव किलोच्या आसपास. ट्रकच्या सेल्फमधले तांबे जाड पट्टीचे, त्याला पोरे आवडीने हात घालतात. मोटरीतून निघालेल्या या तांब्याला बाजारात नावच ‘आर्मेचर’. मुंबईत भुलेश्वरच्या धातूबाजारातही ते याच नावाने ओळखले जाते.

फसगतही याच धंद्यात. हल्ली स्वस्त मोटरींत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरतात, आणि वरच्या एनॅमलचा रंग असा लालसर असतो की पाहणारा चकतो. कानशीने एक चरा मारला की आतून पांढरे दिसते. हातात तोलले तरी कळते, कारण तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. कळूनही न कळल्यासारखे करणारे असतातच. तांब्याच्या पोत्यात मध्यभागी ॲल्युमिनियमची वेटोळी दडवायची, बुडाशी लोखंडाचे तुकडे टाकायचे. पैगंबर बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, त्यावरून त्यांनी व्यापाऱ्याला खडसावले, ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. चाचांची पोरे ती पोत्याच्या संदर्भात ऐकून आहेत. माप मारणाऱ्यांवर तर कुराणात एक अख्खी सूरा आहे, सूरा मुतफ्फिफीन. भंगारवाल्याच्या काट्याबद्दल गावागावांत जे बोलले जाते ते लक्षात घेता ती सूरा या धंद्याने जरा जास्तच वेळा वाचावी, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

आता धुराची गोष्ट. तार उपसायला तास घालवण्यापेक्षा स्टेटर आगीत टाकला की वार्निश आणि कागद जळून जातो आणि तार दहा मिनिटांत सैल होते. देशभरातल्या भंगारवस्त्यांत संध्याकाळी जो काळा, घशाला लागणारा धूर दिसतो तो बराचसा यातला. मोटरीला जोडलेल्या वायरीचे आवरण पीव्हीसीचे असेल तर त्यात क्लोरीन असते. ते जळताना डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, आणि तांबे स्वतःच ती तयार व्हायला मदत करते. म्हणजे ज्याच्यासाठी आग लावली तोच धातू धुराला अधिक विषारी करतो. कचरा उघड्यावर जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, दंडही ठरवला. वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी यांसारखी उपकरणे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच जावीत अशी ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांची अपेक्षा आहे. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नियम आहेत. पण गल्लीतून मिक्सर उचलणारा हातगाडीवाला आणि नोंदणीकृत कारखाना यांच्या मध्ये जी माणसे उभी आहेत, त्यांच्या हाती अजून छिन्नी आणि काडेपेटी एवढीच हत्यारे आहेत.

चाचाही पूर्वी जाळत. ते थांबले ते नियम वाचून नव्हे. शेडच्या मागच्या घरात एक आगरी आजी राहते, तिला दम्याचा त्रास. एका रमजानमध्ये, इफ्तारच्या तोंडावर, आजी पदर नाकाला लावून शेडच्या दारात आली. पोरे खजूर पुढ्यात ठेवून अजानची वाट बघत होती, मागे आग धुमसत होती. “तुमचा उपास हाय ना?” आजी म्हणाली. “मंग धूर आमच्या नाकान् कशाला?”

रोजात नकळत धूर किंवा धूळ श्वासातून गेली तर रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. चाचांना ते ठाऊक होते. पण शेजारणीच्या छातीत तो मुद्दाम सोडला तर काय, याचे उत्तर शोधायला त्यांना मौलवींकडे जावे लागले नाही. त्या दिवसापासून भट्टी बंद. त्यात तोटा किती झाला हे त्यांनी बरेच दिवस धरून ठेवले होते. पुढे हिशेब वेगळाच निघाला. जाळलेले तांबे काळे पडते, खरेदीदार त्याला कमी भाव लावतो. छिन्नीने काढलेले उजळ राहते. वेळ जास्त जातो, पोरांची मजुरी जास्त लागते, पण किलोमागे थोडे अधिक मिळते. बरोबरी होते, फायदा नाही. आजी आता शेवया आल्या नाहीत तर ईदच्या दिवशी आवाज देते.

मजुरी रोजच्या रोज, इफ्तारच्या आधी. घाम सुकण्यापूर्वी मजुराला त्याचे द्यावे, ही शिकवण प्रसिद्ध आहे. ती पाळणारे किती, हे मजुरांना विचारावे.

रमजानमध्येच चाचांचा वर्षाचा जकातीचा हिशेबही होतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याच्यावर जकात लागते आणि ती चाळिसावा हिस्सा द्यायची असते, लाखाला अडीच हजार. व्यापाऱ्याच्या बाबतीत नियम बारकाईचा आहे. काटा, ग्राइंडर, टेम्पो, पाने ही धंद्याची हत्यारे, त्यांच्यावर जकात नाही. घरात वापरातले तांब्याचे देगचे असेल, कितीही जड असो, त्यावरही नाही. सोन्या-चांदीची गोष्ट वेगळी. तांब्यावर जकात लागते ती तो विकण्याचा माल असेल तरच. म्हणजे ज्या देगमध्ये इफ्तारची बिर्याणी शिजते ती मोजायची नाही, आणि पोत्यात पडलेले आर्मेचर मात्र आजच्या बाजारभावाने मोजायचे. चाचांची कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर बेरीज करते. भाव चढलेला असला की चाचांचा चेहरा जरा पडतो आणि ती हसते.

याच यादीत एका वर्षी एक मोटर अडली.

रमजान सुरू व्हायला आठवडा असताना दोन पोरगे स्कूटरवर पोते घालून आले. आत तीन एचपीची थ्री-फेज मोटर. भाव फार घासला नाही, घाईत होते. चाचा त्या वेळी दुकानात नव्हते. थोरल्या पोराने माल घेतला, पैसे दिले. संध्याकाळी चाचांनी मोटर पालथी केली आणि ते गप्प बसले. कंपनीची पाटी नव्हती. पाटी गंजून पडली की चार भोके राहतात. इथे रिबिटी छिन्नीने ताज्या उडवलेल्या होत्या, खालचा रंग अजून हिरवा चकचकीत होता.

चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसा असावा असे मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रेल्वेच्या मालाला तर १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि भंगारवाले सर्वांत जास्त त्यालाच घाबरतात. पण धंद्यातली रीत अशी, की संशय आलेला माल त्याच रात्री फोडून टाकायचा. तांब्याला पाटी नसते. उपसलेल्या वेटोळ्यांवर कोणाचे नाव लिहिलेले नसते, पोत्यात एकदा मिसळले की ते सगळ्यांचे आणि कोणाचेच नाही. थोरला पोरगा छिन्नी घेऊन बसलाही होता.

चाचा म्हणाले, “राहू दे.”

हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि दोहोंच्या मध्ये संशयाच्या गोष्टी आहेत. त्यांपासून जो दूर राहिला त्याने आपला दीन वाचवला, अशी शिकवण आहे. ती ऐकायला सोपी आणि शेडमध्ये उभे राहून पाळायला अवघड, कारण पैसे तर देऊन झाले होते. मौलवींनी विचारल्यावर सांगितले ते असे: मालक शोधा. सापडला तर त्याची वस्तू त्याला. सर्व प्रयत्न करूनही सापडला नाही तर तिची किंमत गरिबाला द्या, आणि त्या देण्याचे पुण्य स्वतःच्या खात्यावर धरू नका, कारण ती वस्तू तुमची नव्हतीच. जकातीत मोजायची का? नाही. जे तुमचे नाही त्यावर तुमची जकात कसली?

मग मोटर ताडपत्रीखाली गेली. पहिला रोजा झाला, पाचवा झाला. चाचांनी आजूबाजूच्या दुकानांत, यार्डांच्या गेटवर, सोसायट्यांच्या वॉचमनकडे विचारून ठेवले. कोणाची मोटर गेली का? लोक संशयाने बघत. भंगारवाला चोरीची चौकशी करतो म्हणजे यात काही तरी असणार. एका सोसायटीतून दोघे येऊन बघून गेले, त्यांची पाच एचपीची होती. पोरे वैतागली. जागा अडते, शिवाय आत चांगले तीन-चार किलो तांबे दिसते आहे. थोरला तर ताडपत्रीवर पाय देऊन जायचा.

दहाव्या-अकराव्या रोजाला रिवाइंडिंगवाला आला. रस्त्याच्या पुढच्या वळणावर त्याचे छोटे दुकान आहे; जळलेल्या मोटरी पुन्हा भरून देतो. चाचा आणि त्याचे नाते जुने. ज्या मोटरीचे स्टँपिंग चांगले असते ती फोडण्याआधी चाचा त्याला दाखवतात, भरून चालणार असेल तर तो घेऊन जातो. फोडलेल्या मोटरीपेक्षा भरलेली मोटर कधीही चांगली, हे दोघांनाही कळते, फक्त नव्या मोटरी स्वस्त झाल्यापासून ते गिऱ्हाइकाला कळेनासे झाले आहे. त्या दिवशी तो बेअरिंग शोधायला आला होता. ताडपत्री त्यानेच उचलली.

झाकण काढून त्याने आतल्या वेटोळ्यांवर बॅटरी धरली. वाइंडिंग करणाऱ्याचा हात ओळखू येतो. दोरा कसा गुंडाळला, जोड कुठे घेतला, स्लीव्ह कोणत्या रंगाची घातली, हे प्रत्येकाचे आपापले असते, बाईच्या टाक्यासारखे. शिवाय हा गडी भरलेल्या मोटरीच्या झाकणाला आतून खिळ्याने महिना-साल कोरतो, गॅरंटीवरून भांडण नको म्हणून. तिथे खूण होती. “ही माझीच आहे,” तो म्हणाला. “चिरनेरच्या बाजूचा गिऱ्हाईक. कलिंगडवाला.”

वहीत नंबर सापडला. शेतकरी दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन आला. भात निघाल्यावर त्याच रानात तो कलिंगड लावतो. मोटर गेल्यापासून भाड्याच्या डिझेल इंजिनवर पाणी देत होता आणि भाड्याने त्याला घाईला आणले होते. तक्रार नोंदवली नव्हती. जुन्या, एकदा भरलेल्या मोटरीसाठी ठाण्याच्या फेऱ्या कोण मारणार? मोटर बघून त्याने आधी हात लावला नाही, नुसता भोवती फिरला. मग विचारले, “किती देऊ शेठ?”

चाचांनी नको म्हटले. तो ऐकेना. तुम्ही पैसे मोजलेत, निदान तेवढे घ्या. चाचा म्हणाले, ज्यांना मोजले त्यांच्याकडून घेईन, तुम्ही माझे काही देणे लागत नाही. थोरला पोरगा बाजूला उभा राहून हे सगळे ऐकत होता. माल त्यानेच घेतला होता आणि पैसे त्याच्या हातून गेले होते. ते त्याच्या मजुरीतून कापले गेले नाहीत, एवढे त्याने नंतर दुसऱ्या पोराला सांगितले. मात्र त्या दिवसापासून दुकानात एक वही आली. मोटर आणणाऱ्याचे नाव, फोन, आणि पाटीचा मोबाइलवर फोटो. पाटी नसेल तर माल नाही. वही आल्यापासून मोटरी कमी येतात. पाटी उडवलेल्या मोटरी पुढच्या दुकानात जातात, तिथे वही नाही, आणि संध्याकाळी तिथून छिन्नीचा आवाज जासईच्या रस्त्यावर नीट ऐकू येतो. चाचांना तो मोजता येतो. किती किलो गेले असतील, हे आवाजावरून त्यांना कळते.

शुक्रवारी जुम्म्याच्या दिवशी सूरा कहफ वाचण्याची पद्धत आहे. त्यात जुलकरनैनची कथा येते. दोन डोंगरांच्या मधली वाट बंद करण्यासाठी तो लोखंडाचे ठोकळे रचतो, भाते लावून ते लाल करतो आणि त्यावर वितळलेले तांबे ओततो. ज्या लोकांसाठी तो भिंत बांधतो ते त्याला मोबदला देऊ करतात आणि तो घेत नाही, फक्त अंगमेहनतीची मदत मागतो. शेडमधल्या सर्वांत धाकट्या पोराला त्या कथेत रस वेगळाच. इतके तांबे त्याने आणले कुठून, आणि त्या काळी तर मोटरी नव्हत्या, असे त्याने एकदा इफ्तारच्या वेळी विचारले. कोणाला सांगता आले नाही.

शिमग्याच्या दोन दिवस आधी चिरनेरचा टेम्पो परत आला. शेतकऱ्याने खाली न उतरताच पोराला हाक मारून सहा कलिंगडे उतरवून घ्यायला लावली. चाचांनी दोन मागच्या आजीकडे पाठवली, एक रिवाइंडिंगवाल्याकडे. उरलेली तीन पाण्याच्या पिंपात टाकली. अजानला अजून पाऊण तास होता, आणि काट्यासमोर एक हातगाडी येऊन उभी राहिली होती. वर जुने कूलर, दोन फॅन, एक मिक्सर.

“पाट्या आहेत का?” थोरल्याने विचारले आणि वही उघडली.